नवी पाइपलाइन टाकली आणि मोटर जास्त अँपिअर घ्यायला लागली. दुखणं नेमकं कुठं?

कृष्णाकाठ (१२ जुलै, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय उलगडा व्हायचा नाही.

वाळवा तालुक्यात नदीवर आमची आठ घरांची सामायिक स्कीम आहे. २० एचपीची मोटर, कपलिंगवर (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागावर) जोडलेला सेंट्रीफ्युगल पंप (चाकाच्या फिरण्यानं पाणी ढकलणारा), स्टार-डेल्टा स्टार्टर. पंपाच्या पट्टीवर हेड (किती उंचीइतका जोर पंप लावतो तो आकडा) ५० मीटर, डिस्चार्ज १८ लिटर प्रति सेकंद. मोटरच्या पट्टीवर २७ अँपिअर. उन्हाळ्यातल्या पाण्यापासून वरच्या हौदापर्यंत चढ ३० मीटर, लाइनची लांबी ६५० मीटर. आधी पाच इंची लोखंडी लाइन होती. ती आतून गंजून खवल्या धरली होती आणि दर हंगामात कुठं ना कुठं फुटायची. मे महिन्यात ती काढून १६० मिलिमीटरची पीव्हीसी टाकली. लाइन गुळगुळीत झाली, आता लाइट कमी लागेल असा सगळ्यांचा हिशेब होता.

झालं उलटंच. आमच्याकडं मीटर आहे. पाळ्या तासावर ठरलेल्या, तास तेवढेच, तरी बिल साधारण सातव्या हिश्श्यानं वाढलं. त्यात गेल्या आठवड्यापासून मोटर वीस मिनिटांत ट्रिप व्हायला लागली. धरणक्षेत्रात पाऊस आहे, कोयनेतून पाणी सोडलंय, नदी दहा फूट चढलीय. इकडं मात्र उघडीप आहे आणि हळदीला पाणी पाहिजे. नदी वर आली म्हणजे पंपाला कमी उचलावं लागतं, मग लोड उतरायला नको का? टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजायचा चिमटा) लावला तर ३१ अँपिअर!

ओव्हरलोड रिले (जास्त अँपिअर गेले की मोटर बंद करणारा) १६ वर होता. वायरमननं तो १९ वर नेला. आता ट्रिप होत नाही, पण मोटरच्या बॉडीवर हात ठेववत नाही. २०१९ च्या महापुरात ही मोटर पाण्याखाली गेली होती, तेव्हा रिवाइंडिंग केलं होतं, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी (वाइंडिंग) नव्यानं भरली होती. त्यामुळं वाइंडिंगच बिघडलं असं निम्म्या घरांचं म्हणणं. दुकानदार म्हणतो २५ एचपीची नवी मोटर घ्या. पैसा आठ घरांचा आहे, तेव्हा नीट कळल्याशिवाय खर्च करायचा नाही.

आर्मेचर (१२ जुलै, रात्री १०:१५)

मी रिवाइंडिंगच करतो, म्हणून सांगतो की न बघता वाइंडिंगवर ढकलू नका. पण शंका काढून टाकलेली बरी. तिन्ही फेजचे अँपिअर आणि तिन्ही फेजमधलं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. व्होल्टेजमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक असला तरी अँपिअरमध्ये तो कितीतरी पटीनं मोठा होऊन दिसतो. एकच फेज तापत असेल तर दोष लाइनचा, जॉइंटचा किंवा वाइंडिंगचा.

दुसरं, कपलिंग सोडून मोटर सुटी चालवा. २० एचपीची टू-पोल मोटर सुटी असताना ८ ते १० अँपिअर घेते. वाइंडिंगमध्ये तारेचे फेरे कमी भरले असतील तर हाच आकडा १३-१४ दिसेल. मग दोष आमच्या धंद्यातल्या माणसाचा, असं खुशाल म्हणा.

मळेकरी (१२ जुलै, रात्री १०:३२)

कपॅसिटर बसवा. आमच्या विहिरीवर बसवल्यावर अँपिअर चार-पाचनं उतरले.

आर्मेचर (१२ जुलै, रात्री १०:४०)

दादा, ते डीपीपासून स्टार्टरपर्यंतच्या वायरीतले अँपिअर उतरले. मोटरच्या पोटात जायचे तेवढेच जातात आणि शाफ्टवरचं ओझंही तेच राहतं. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खऱ्या कामाचा हिस्सा) सुधारायला कपॅसिटर चांगलाच आहे, पण यांची मोटर तापतेय ती त्यानं गार होणार नाही.

जुना_फिटर (१२ जुलै, रात्री ११:०५)

आधी एक काम करा. रिले आजच्या आज परत १६ वर आणा. उद्यावर ढकलू नका. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक डेल्टाच्या आत, मोटरच्या फेजमध्ये बसवलेला असतो. तिथून पूर्ण करंट जात नाही, त्याच्या ०.५८ पट जातो. २७ ला ०.५८ नं गुणा, १५.६ येतात. म्हणजे १६ चं सेटिंग बरोबर होतं. १९ वर नेलं म्हणजे लाइनमध्ये ३३ अँपिअर जाईपर्यंत रिले गप्प बसणार. तो बिचारा तुम्हाला सांगत होता की बाबांनो, ओझं जास्त आहे. तुम्ही त्याचं तोंड बांधलं. वाइंडिंगच्या तारेवरचं इन्सुलेशन ठरल्यापेक्षा दहा अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा आमच्या कामातला जुना हिशेब आहे.

आता दुखणं शोधू. माझा अंदाज आहे, पण तुमच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटायचा नाही, म्हणून उद्या सकाळी हे करा.

पंप चालू असताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करा आणि टाँग टेस्टरकडं बघत राहा. बंद ठेवायचा तो मिनिटभरच. आत कोंडलेलं पाणी तापतं आणि ग्लँड (शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवायची जागा) व सील खराब होतात. अँपिअर भराभर उतरून निम्म्याच्या आसपास आले तर मोटर ठीक, पंपही ठीक, दुखणं लाइनच्या बाजूला. व्हॉल्व्ह बंद होऊनही काटा २५-२६ च्या खाली यायला तयार नसेल, तर कुठंतरी घासतंय: इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) वेअर रिंगला (त्याच्याभोवतीच्या झिजणाऱ्या कड्याला) लागतोय, शाफ्ट वाकलाय, बेअरिंग गेलंय किंवा कपलिंगची लाइन चुकलीय.

हे करताना ग्लँडकडंही बघा. दोरी भरल्यावर तिथून थेंब-थेंब पाणी पडलंच पाहिजे. गळतंय म्हणून नट आवळून कोरडं ठाक केलं की शाफ्टला ब्रेक लावल्यासारखं होतं. शाफ्टची स्लीव्ह झिजते, आणि ती घासताना खाल्लेली लाइट तुमच्या बिलात येते.

कृष्णाकाठ (१३ जुलै, सकाळी ११:२०)

फिटरकाका, रिले रात्रीच जाऊन १६ वर आणला. सकाळी सगळे मिळून पंपहाउसवर गेलो होतो.

व्होल्टेज ३९८, ४०२, ४००. अँपिअर ३१, ३०.५, ३१. तिन्ही फेज सारखेच. कपलिंग सोडून मोटर सुटी चालवली, ९ अँपिअर. आर्मेचरभाऊ, वाइंडिंग निर्दोष निघालं. ज्यांनी केलं होतं त्यांना आम्ही गेले दोन महिने नावं ठेवत होतो, त्यांना जाऊन सांगणार आहे.

ग्लँडमधून थेंब पडतात. शाफ्ट हातानं सहज फिरतो, कुठं अडत नाही.

मग व्हॉल्व्ह बंद करत गेलो. चाक जसं फिरवत होतो तसे अँपिअर २९, २७, २४ असे उतरत गेले, आणि पूर्ण बंद झाल्यावर १६! आमचे चुलते साठ वर्षांचे, लहानपणापासून पंपावर आहेत. त्यांचा विश्वास बसेना. वाट बंद केली की मोटरवर ताण यायला पाहिजे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. काका, हे असं का होतं?

जुना_फिटर (१३ जुलै, रात्री ९:१०)

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, आणि ज्या उस्तादानं समजावलं त्यानं ताकाची रवी दाखवली होती. व्हॉल्व्ह बंद असला की इम्पेलर तेच पाणी जागच्या जागी घुसळत राहतो, नवीन पाणी उचलून ढकलत नाही. उघडला की दर सेकंदाला नवं पाणी आत येतं आणि प्रत्येक लिटरला वेग द्यावा लागतो. म्हणून या जातीच्या पंपात पाणी वाढलं की लोड वाढतो.

आता तुमचा हिशेब. आपल्याकडं सोपं सूत्र आहे: लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर हेड, भागिले ७५, म्हणजे पाण्याला मिळालेली एचपी. जुनी लाइन असताना १८ गुणिले ५०, भागिले ७५, म्हणजे १२ एचपी. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर शाफ्टवर साडेअठरा. २० च्या मोटरला झेपत होतं.

त्या ५० मीटरमध्ये चढ ३० चा. उरलेले २० मीटर जुन्या गंजक्या पाइपाचं घर्षण खात होतं. तुम्ही रुंद आणि गुळगुळीत पाइप टाकला तेव्हा तेवढ्याच पाण्याला हे घर्षण चौथ्या हिश्श्यावर आलं. पंपाला कळायला लागलं की पुढं अडवणारं कुणी नाही, तो मोकाट सुटला. पाणी वाढत वाढत जिथं नव्या लाइनची गरज आणि पंपाचं हेड जुळतं तिथं जाऊन थांबलं. माझ्या अंदाजानं २४-२५ लिटरवर. तिथं हेड ३८-३९ मीटर. सूत्रात घाला, पाण्याला साडेबाराच एचपी मिळते, म्हणजे जवळपास आधीइतकीच. पण पंप ज्या डिस्चार्जसाठी बनवलाय त्याच्या फार पुढं गेला की पात्यांवरून पाणी नीट वळत नाही, आत भोवरे होतात आणि कार्यक्षमता ५७-५८ वर घसरते. शाफ्टवर २२ एचपी. वाढलेली साडेतीन एचपी पंपाच्या पोटातच जिरते.

आणि नदी दहा फूट चढली म्हणजे आणखी तीन मीटर चढ कमी झाला. पाणी आणखी वाढलं, अँपिअर आणखी वाढले. म्हणून ट्रिपिंग आत्ता सुरू झालं, मे महिन्यात नाही.

२५ ची मोटर घेऊ नका. घेतली तर ट्रिप होणार नाही, पण हीच नासाडी बिनबोभाट कायम चालेल.

एक कुतूहल आहे. एवढं पाणी वाढलं तर ते कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कृष्णाकाठ (१३ जुलै, रात्री ९:४५)

पाळी तासावर आहे ना काका. ज्याची सहा तासांची पाळी, तो सहा तास पाणी पाजतो. सऱ्या लवकर भरतात असं एक-दोघं म्हणत होते, पण आम्ही ते नव्या लाइनचं कौतुक म्हणून ऐकलं.

बॉयलिंग_हाउस (१३ जुलै, रात्री १०:२०)

साखर कारखान्यात कामाला आहे. जास्त अँपिअरचं आणखी एक कारण सांगून ठेवतो, शेतीत नाही पण कुणाला तरी उपयोगी पडेल. आमच्याकडं नवा पंप पाण्यावर चालवून बघितला, अँपिअर बरोबर. सिरपवर घेतला की ट्रिप. ६० ब्रिक्सचं (वजनात ६० टक्के साखर असलेलं) सिरप पाण्याच्या सुमारे १.२९ पट जड असतं. तेवढेच लिटर तेवढ्याच मीटरवर चढवायचे तरी लोड सरळ २९ टक्क्यांनी वाढतो, शिवाय घट्टपणाचा वेगळा. पंप निवडताना पातळ पदार्थाचं वजन लिहिलंच नव्हतं. मोटर बदलावी लागली, आणि तिथं ते बरोबरच होतं.

सहावा_मजला (१४ जुलै, दुपारी १:०५)

आमच्या सोसायटीतही बिल वाढलंय, पुण्यात. तीन फेजचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला), खालच्या टाकीतून गच्चीवर. अँपिअर वाढलेले नाहीत असं इलेक्ट्रिशियन म्हणतात. पण पूर्वी टाकी तासाभरात भरायची, आता तीन तास लागतात. मी सेक्रेटरी असल्यानं सगळे मलाच विचारतात. हे पण लाइनमुळेच का?

जुना_फिटर (१४ जुलै, रात्री ८:३०)

ताई, तुमचं वेगळं आहे. गेल्या काही दिवसांत मोटरची केबल, स्टार्टर किंवा मीटरकडच्या वायरी कुणी काढून जोडल्या का?

सहावा_मजला (१४ जुलै, रात्री ८:५०)

हो! जून महिन्यात केबल बदलली. तेव्हापासूनच.

जुना_फिटर (१४ जुलै, रात्री ९:००)

मग पंप उलटा फिरतोय. सेंट्रीफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण दाब आणि पाणी दोन्ही पडतं. केसिंगवर बाण असतो. मोटर बंद करताना मागच्या कूलिंग फॅनकडं बघा, थांबता थांबता तो कोणत्या बाजूला फिरतोय ते दिसेल. बाणाच्या उलट असेल तर मेन बंद करून कोणत्याही दोन फेजच्या वायरींची अदलाबदल करायला सांगा. लवकर करा, काही पंपांत इम्पेलर आट्यांवर बसवलेला असतो आणि उलटा फिरून तो सुटतो.

सहावा_मजला (१५ जुलै, सकाळी १०:१५)

उलटाच होता. दहा मिनिटांचं काम. टाकी पंचावन्न मिनिटांत भरली. काका, मनापासून आभार.

कालवा_चारी (१५ जुलै, दुपारी ३:४०)

एक सावधगिरी. व्हॉल्व्ह बंद केला की लोड उतरतो, हे वाचून कुणी प्रोपेलर पंपावर प्रयोग करू नका. कमी हेड आणि प्रचंड पाणी देणारे जे पंप असतात, जहाजाच्या पंख्यासारखा पंखा असलेले, त्यांचं गणित बरोब्बर उलटं. व्हॉल्व्ह बंद केला की त्यांचा लोड सगळ्यात जास्त होतो. ते उघड्या वाटेवरच सुरू करायचे.

जुना_फिटर (१५ जुलै, रात्री ९:२०)

बरोबर सांगितलंत. मी ते आधीच लिहायला हवं होतं.

कृष्णाकाठ, आता मोजमाप घ्या. डिलिव्हरीवर व्हॉल्व्हच्या अलीकडं प्रेशर गेज बसवा, गेजवरच्या एक किलो दाबाला दहा मीटर हेड धरायचे. गेजपासून नदीच्या पाण्यापर्यंतची उभी उंची टेपनं मोजून त्यात मिळवा. आणि हौदात किती सेकंदांत किती पाणी चढतं ते बघा. बॅरल नको, आठ सेकंदांत भरेल आणि एका सेकंदाची चूक म्हणजे बारा टक्के चूक.

कृष्णाकाठ (२१ जुलै, रात्री ८:४५)

नदी उतरल्यावर मोजलं. जुनं गेज काच फुटून शून्यावर अडकलेलं होतं, नवीन घेतलं. हौद आतून ३ मीटर बाय २ मीटर. भिंतीवर खडूनं अर्ध्या मीटरच्या अंतरानं वर-खाली दोन खुणा केल्या, म्हणजे मधलं पाणी ३००० लिटर.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा: गेज ३.४ किलो, पाण्यापर्यंत उंची साडेचार मीटर, ३० अँपिअर, १२३ सेकंद. म्हणजे २४.४ लिटर, हेड साडेअडतीस. काका, तुम्ही घरी बसून सांगितलेला आकडा हौदाच्या भिंतीवर निघाला!

मग गेज साडेचार किलोवर येईपर्यंत व्हॉल्व्ह आवळला: २६.५ अँपिअर, १६७ सेकंद, म्हणजे १८ लिटर. मोटर आता कोमट राहते. हे असंच ठेवू का?

जुना_फिटर (२१ जुलै, रात्री ९:३०)

चार दिवस ठेवा, मोटर वाचेल. पण कायमचं नको. आवळलेला व्हॉल्व्ह म्हणजे जुना गंजका पाइप तुम्ही परत आणून बसवलात. एक घनमीटर पाण्याला किती युनिट लागले ते काढा: १.७३२ गुणिले व्होल्टेज गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर म्हणजे वॉट, हजारानं भागले की किलोवॅट, आणि त्याला तासाच्या घनमीटरनं भागा. पूर्ण उघड्यावर सुमारे १८ किलोवॅट आणि तासाला ८८ घनमीटर, म्हणजे ०.२०५ युनिट. आवळल्यावर १५.८ किलोवॅट आणि ६५ घनमीटर, ०.२४४ युनिट. महागच पडलं की.

खरा इलाज म्हणजे इम्पेलर लेथवर उतरवायचा. तुमच्या लाइनला २० लिटर पाणी पुरतं असं धरलं तर हेड फक्त ३६ मीटर लागतं. व्यास कमी केला की हेड साधारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतं आणि लोड घनाच्या प्रमाणात. दहा टक्के व्यास काढला तर हेड ८१ टक्क्यांवर आणि लोड ७३ टक्क्यांवर. इम्पेलर किती मिलिमीटरचा आहे?

कृष्णाकाठ (२२ जुलै, सकाळी ७:५०)

२०० मिलिमीटर, कास्ट आयर्न. पण घरात विरोध आहे. चांगला इम्पेलर कापायचा म्हणजे पंप कमजोर करणं, असं दोघं म्हणतात.

जुना_फिटर (२२ जुलै, रात्री ९:००)

त्यांची भीती रास्त आहे, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून दुसरा इम्पेलर विकत घ्या आणि तो कापा. जुना तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवा. एकदम १८० करू नका. आधी १९०, बसवून मोजा, मग १८०. कापल्यावर बॅलन्स करून घ्या, नाहीतर बेअरिंग जातील. आणि पुढं कधी वाटलं तरी १५ टक्क्यांच्या पलीकडं कापू नका, इम्पेलर आणि केसिंगमधली फट वाढून कार्यक्षमता पडते.

कृष्णाकाठ (१४ ऑगस्ट, रात्री ९:१५)

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं.

तालुक्याच्या गावी लेथवाल्याकडं समोर बसून कापून घेतला. १९० वर अँपिअर २६ आले. मग १८० केला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, २२.५ अँपिअर, हौदाच्या खुणा दीडशे सेकंदांत. म्हणजे बरोबर २० लिटर. तासाला १३ युनिटच्या थोडं वर, घनमीटरला ०.१८ युनिट. सलग सात तास पंप चालला, मोटरवर तळहात निवांत ठेवता येतो. विरोध करणाऱ्या दोघांनी स्वतः हात ठेवून बघितला.

जुन्या लाइनवर सहा तासांच्या पाळीत जेवढं पाणी मिळायचं तेवढं आता पाच तास चोवीस मिनिटांत मिळतं. पाळ्या नव्यानं बसवायला रविवारी बैठक आहे.

आर्मेचर (१४ ऑगस्ट, रात्री ९:४०)

रिले किती वर आहे?

कृष्णाकाठ (१४ ऑगस्ट, रात्री ९:४४)

१४ वर आणला. २२.५ ला ०.५८ नं गुणून तेरा येतात, थोडी सूट ठेवली. नवी सगळी रीडिंग पंपहाउसच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहिली आहेत, गेजचं धरून.

जुना_फिटर (१४ ऑगस्ट, रात्री १०:०५)

तारीखही लिहा. दोन वर्षांनी गेज तेवढंच असून पाणी कमी भरलं तर वेअर रिंग बघायची.